मान धरणं

पुंता अरेनासला झाडं सरळ वाढत नाहीत.
पश्चिमेचा वारा रोपटं असतानाच सांगून ठेवतो कुठे पाहायचं,
आणि ती ऐकतात.
झाडाला इथे कुणी वाकडं म्हणत नाही.
लेकराला म्हणतात.

येर्का आली तेव्हा मिरो सहा आठवड्यांचा होता.
डोकं उजव्या खांद्याकडे कललेलं, हनुवटी डावीकडे,
जणू दाराआडचं काही चोरून ऐकतोय.
"माझंच चुकलं का? सासू म्हणते,
दिवस गेलेले असताना मी सारखी खिडकीत बसायचे..."
मी तिचं बोट धरून त्याच्या मानेवर टेकवलं.
इथे. कानामागून छातीपर्यंत येणारी ही दोरी,
तिच्यात कालाफातेच्या फळाएवढी गाठ.
पोटात जागा अपुरी पडली असेल, नाहीतर बाहेर येताना ताण बसला असेल.
नक्की मलाही ठाऊक नाही.
खिडकीचा संबंध नाही, एवढं नक्की.

उलट आता खिडकीच लागेल, म्हटलं.
पाळणा फिरव, उजेड त्याच्या उजवीकडून येऊ दे.
खुळखुळा उजवीकडे, तू उजवीकडे, सासूसुद्धा उजवीकडे.
जागा असेल तेव्हा पालथं घाल,
तुझ्या छातीवर घातलंस तरी चालेल.
आणि डावा कान डाव्या खांद्याकडे ने,
मी दाखवते तसा, अगदी सावकाश.
रडला तर थांब.
ही कणीक नव्हे, तिंबायची नाही.

मंगळवारी त्यांच्यानंतर एवारिस्तो चिगुआयची वेळ.
तरुणपणी चिलोए बेटावरून आला, चाळीस वर्षं मेंढ्या कातरल्या.
"तेव्हा मेंढीची मान माझ्या गुडघ्यांत असायची," तो म्हणतो,
"आता माझी कुणाच्या गुडघ्यांत आहे, कळत नाही."
एका हिवाळ्यात त्याचं डोकं आपोआप वळायला लागलं,
थरथरत, झटके देत.
सूप समोर, तोंड भिंतीकडे.
त्याला वाटलं, मेंढ्यांचे तळतळाट.
इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेंदू चुकीचा निरोप धाडतो,
मान बिचारी हुकमाची ताबेदार.
दर तीन महिन्यांनी सुया:
जालीम विष, पण कणभर,
हट्टी स्नायूला गप्प बसवण्यापुरतं.
तिसरा महिना सरत आला की ते उतरतं
आणि एवारिस्तो पुन्हा भिंतीशी बोलायला लागतो.

त्याची स्वतःची एक युक्ती आहे.
हनुवटीला एक बोट. रेटायचं नाही, नुसतं टेकवायचं.
मान सरळ.
पुस्तकांत तिला नाव आहे; तो म्हणतो, मी दार ठोठावतो.
चर्चमधल्या पाद्र्याला वाटतं,
केवढा विचारी माणूस.

ऑगस्टमध्ये बर्फानं बस अडली
आणि दोघं एकाच वेळी आले.
एवारिस्तो मिरोच्या उजवीकडे बसला.
त्याची पांढरी मिशी हलत होती,
तंबाखूचा वास येत होता, काय असेल ते असो,
मिरो वळला. उजवीकडे, पुरता,
खांद्यावर हनुवटी टेकेपर्यंत.
(दहा आठवडे मी खुळखुळा वाजवत होते!)
मग लाळेनं ओला तळवा वर आला
आणि म्हाताऱ्याच्या हनुवटीवर बसला.
डोकं थांबलं. समोर आलं.
एवारिस्तोनं श्वाससुद्धा घेतला नाही.
येर्काला काही कळलं नाही, ती मोजे शोधत होती.

पुढच्या मंगळवारी मी मुद्दाम दोघांना शेजारी बसवलं.
मिरो झोपला. एवारिस्तो खोकला.
बाकी काही नाही.

आता वसंत आहे, म्हणजे वारा.
मिरोनं मान धरलीय. गाठ जिरली.
थोडा कल उरलाय, फोटोत दिसतो,
सासू तेवढेच फोटो बघते.
एवारिस्तोच्या सुया नोव्हेंबरात.
मी खिडकीतून पाहते: तो कोपऱ्यावर वळतो,
एका हातानं टोपी धरलेली,
दुसऱ्या हाताचं एक बोट
हनुवटीवर.